सुखाचा हिशेब आणि इंदापूरची जमीन

रात्रीच्या पहाऱ्यावरचा एक शिपाई झोपला. शत्रू आला नाही, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, सकाळ नेहमीसारखी उजाडली. तरीही लष्करी कायद्याप्रमाणे त्या शिपायाला मृत्युदंड. कारण पहारेकरी झोपू लागले तर अख्खी फौज एका रात्रीत कापली जाईल. शिक्षा उपयोगाची आहे, कदाचित अटळही आहे. पण ती न्याय्य आहे का?

हा प्रश्न ॲडम स्मिथचा. अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव शाळेत पाठ होतं, तोच स्मिथ. १७५९ साली, 'वेल्थ ऑफ नेशन्स' लिहिण्याच्या सतरा वर्षं आधी, त्याने 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' हे पुस्तक काढलं आणि त्यात हा झोपाळू पहारेकरी आणून उभा केला. शेजारी त्याने एक खुनी उभा केला. दोघांनाही देहदंड. खुन्याला फाशी झाली की मन म्हणतं, बरं झालं. तो निसटला तर आपण चडफडतो, इथे नाही तर परलोकात तरी याचा झाडा होवो असं म्हणतो. पहारेकऱ्याच्या बाबतीत मात्र मनाला समजवावं लागतं, घट्ट करावं लागतं. तो सुटला असता तर आपल्याला आनंदच झाला असता. शिक्षा तीच, मग मनाची साक्ष दोन तऱ्हेची का? स्मिथचं उत्तर सरळ आहे. एक शिक्षा आपल्याला न्याय म्हणून पटते, दुसरी फक्त उपयोग म्हणून. ही दोन वेगळी नाणी आहेत आणि एकाची मोड दुसऱ्यात मिळत नाही.

त्याचा रोख होता त्याच्याच जिवलग मित्रावर. डेव्हिड ह्यूमने १७५१ मध्ये लिहून ठेवलं होतं की न्यायाचा उगम सार्वजनिक उपयोगात आहे, आणि फक्त तिथेच आहे. ह्यूमची युक्तिवादाची पद्धत मोठी मोहक. अशी कल्पना करा, तो म्हणतो, की प्रत्येक गोष्ट हवेसारखी मुबलक आहे. मग माझं-तुझं कोण करील? आता उलट कल्पना करा, की जहाज फुटलंय किंवा दुष्काळ इतका भीषण आहे की माणसं मरताहेत. मग दुसऱ्याच्या कोठारातलं धान्य घेणाऱ्याला चोर कोण म्हणेल? म्हणजे मालमत्तेचे नियम मधल्या परिस्थितीपुरते, जिथे ते उपयोगी पडतात तिथपर्यंतच. वाचताना वाटतं, खरंच की. आणि मग स्मिथचा पहारेकरी आठवतो आणि वाटतं, नाही, काहीतरी सुटलंय.

उदारमतवादी अर्थविचाराच्या पाळण्यातच हे भांडण आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. आपण समजतो की मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते सगळे एका सुरात म्हणत आले की बाजार मोकळा सोडा, सगळ्यांचा फायदा होईल. पण 'वेल्थ ऑफ नेशन्स'मधलं धान्यव्यापारावरचं प्रकरण उघडून पाहा. शेतकऱ्याला चांगल्या भावाच्या बाजारात माल नेण्यापासून सरकार अडवतं, तेव्हा ते सार्वजनिक उपयोगाच्या एका कल्पनेपायी न्यायाच्या साध्या नियमांचा बळी देतं, असा स्मिथचा आक्षेप आहे, आणि असं करायला अगदी निकराची वेळच यावी लागते, असं तो बजावतो. उपयोग एका पारड्यात, न्याय दुसऱ्यात, आणि बाजाराची बाजू न्यायाच्या पारड्यातून मांडलेली! (निर्यातबंदीच्या बातम्या वाचणाऱ्या नाशिकच्या कांदेवाल्याला हे प्रकरण परकं वाटणार नाही.) उमेदवारी पुरी केल्याशिवाय कुणाला धंदा करू न देणाऱ्या कायद्यांविषयीही तो असाच बोलतो. गरिबाची इस्टेट म्हणजे त्याच्या हातांचं बळ आणि कसब. ती वापरू न देणं हा त्याच्या सर्वांत पवित्र मालमत्तेवर घाला. अर्थात स्मिथ काही एकसुरी नव्हता. फायद्याचा युक्तिवाद तो पानोपानी करतो. पण इमारतीचा खांब न्याय आणि परोपकार ही तिची सजावट, हे त्याचं मत कायम राहिलं.

'वेल्थ ऑफ नेशन्स' मार्च १७७६ मध्ये आलं. त्याच वसंतात लंडनमध्ये एक छोटं निनावी पुस्तक निघालं. लेखक अठ्ठावीस वर्षांचा होता आणि वकिली शिकूनही वकिली न करणारा होता. पुस्तकाचं नाव 'अ फ्रॅगमेंट ऑन गव्हर्नमेंट', लेखक जेरेमी बेंथम. बरोबर काय आणि चूक काय हे ठरवण्याचं माप एकच, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हे सूत्र त्याने तिथे मांडलं. पुढे त्याने सुखदुःख तोलायच्या सात बाजू सांगितल्या: तीव्रता, कालावधी, खात्री, जवळीक, त्यातून आणखी सुख उपजण्याची शक्यता, त्यात दुःखाची भेसळ नसणं, आणि ते किती लोकांपर्यंत पोचतं. विद्यार्थ्यांना पाठ व्हाव्यात म्हणून या सात बाजूंची त्याने पद्यरचनाही केली. नैसर्गिक हक्क वगैरे भाषेची त्याने यथेच्छ टर उडवली. फ्रेंच राज्यक्रांतीने हक्कांचा जाहीरनामा काढला तेव्हा बेंथमने त्यातलं कलम न् कलम पिंजून काढलं. कायदा नसताना हक्क कुठून आला, हा त्याचा सवाल.

बेंथमला हसणं सोपं आहे. मेल्यावरही आपला उपयोग व्हावा म्हणून त्याने देह वैद्यकीय विच्छेदनासाठी दिला. सांगाडा त्याच्याच कपड्यांत, वर मेणाचं डोकं बसवून, आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसलेला आहे. पण त्याच्या मोजमापात एक स्फोटक गोष्ट होती. हिशेबात प्रत्येकाचा आकडा एक. सरदाराची दाढ दुखते आणि त्याच्या धोबिणीची दाढ दुखते, तर दोन्ही दुखणी वहीत सारख्याच रकमेने लिहायची. इतकंच काय, जनावराला विचार करता येतो का हे विचारू नका, त्याला यातना होतात का ते विचारा, हेही त्यानेच सांगितलं. शेकडो वर्षं माणसाचं मोल कुळावरून ठरत आलेल्या जगात हे म्हणणं म्हणजे दारूगोळाच. मात्र एक प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. प्रत्येकाचा आकडा एकच, हे कशावरून? हे सुख मोजून कळलं, की मोजायला बसण्याआधीच ठरलेलं होतं? या प्रश्नाचा स्फोट व्हायला दीडशे वर्षं लागली आणि त्याची वात हिंदुस्थानात होती. त्याकडे येऊ.

त्याआधी व्याजाचं प्रकरण, कारण तिथे सगळी पात्रं आपापल्या जागा बदलतात. व्याजदराला कायद्याची मर्यादा हवी, असं स्मिथचं मत होतं. नाहीतर पैसा उधळ्यांच्या आणि हवेत मनोरे बांधणाऱ्यांच्या हाती जाईल, हे कारण. म्हणजे न्यायाचा कैवारी इथे उपयोगाची भाषा बोलत होता. बेंथम तेव्हा आजच्या बेलारूसमधल्या क्रिचेव्ह गावी होता. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युअल तिथे रशियन सरदार पोटेम्किनच्या नोकरीत होता. त्या आडगावातून बेंथमने पत्रांच्या रूपात एक पुस्तक लिहिलं. १७८७ मध्ये ते 'डिफेन्स ऑफ युझरी' म्हणून छापून आलं. शेवटचं पत्र थेट स्मिथला उद्देशून. सज्ञान, शहाणा माणूस डोळे उघडे ठेवून आपल्या फायद्यासाठी पैशाचा जो सौदा करील तो त्याला करू द्यावा, कुणी आड येऊ नये, असा त्याचा दावा. वाचताना कुठेही अडखळायला होत नाही, इतकं ते चोख आहे. 'डोळे उघडे ठेवून' ही अट मात्र लक्षात ठेवा.

आता डेव्हिड रिकार्डो. शेअरबाजारात गडगंज झालेल्या या माणसाने, जेम्स मिलने पाठीस लागून लागून लिहायला बसवल्यामुळे, १८१७ साली 'प्रिन्सिपल्स' लिहिलं. त्यातली खंडाची उपपत्ती ही अर्थशास्त्रातली एक देखणी गोष्ट आहे. तीन शेतं घ्या. एक काळं कसदार, एक मध्यम, एक मुरमाड. सारख्याच कष्टांत आणि खर्चात पहिल्यात दहा मण ज्वारी येते, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात पाच. गावाची भूक भागवायला मुरमाड शेतही कसावंच लागतं, म्हणून ज्वारीचा भाव असा ठरतो की मुरमाडवाल्याचा खर्च जेमतेम सुटावा. मग काळ्या शेतातले वरचे पाच मण कुणाच्या कष्टाचे? कुणाच्याच नाहीत. ते जमिनीच्या कसाचे. रिकार्डोचा खंड तो हा. त्यावर कर बसवा, धान्य महागणार नाही, कष्टकऱ्याची मजुरी कमी होणार नाही, भांडवलाचा नफा घटणार नाही. कुणाचंही काहीही न बिघडवता राज्याची तिजोरी भरणारा कर! गणिती मनाला याहून मोठी मेजवानी कोणती?

ही मेजवानी वाढायला टेबल मिळालं ते पुणे जिल्ह्यात.

जेम्स मिल हा बेंथमचा पट्टशिष्य. हिंदुस्थानात पाऊल न टाकता त्याने हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला आणि १८१९ मध्ये त्याला लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत, नोकरी मिळाली. महसूल खात्याची पत्रं तो लिहू लागला. त्याचं म्हणणं असं की इंग्लंडात खंड जमीनदारांच्या घशात गेलेला आहे, तो आता काढता येत नाही. हिंदुस्थानात सरकारच जमिनीचं मालक, तेव्हा खंड सरकारने घ्यावा आणि बाकी सगळं रयतेकडे ठेवावं. बसून खाणारा वर्गच उरणार नाही. ऐकायला हे जवळजवळ क्रांतिकारक आहे. कंपनीचे तरुण अधिकारी ज्या हेलीबरी कॉलेजात तयार होत, तिथे अर्थशास्त्र शिकवत होता खुद्द माल्थस, आणि खंडाची ही उपपत्ती शोधणाऱ्यांत तोही होता. त्या वर्गात बसलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा विद्यार्थी पुढे पुण्यात आला आणि १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या जमिनीची मोजणी आणि प्रतवारी त्याच्याकडे सोपवली गेली. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षं होत होती.

प्रिंगलने रिकार्डो शब्दशः अमलात आणायचं ठरवलं. प्रत्येक शेत मोजायचं. मातीची प्रत लावायची. त्या प्रतीच्या जमिनीत किती पिकतं ते काढायचं. त्यातून बी, बैल, अवजारं, मजुरी वजा करायची. उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे शंभरातले पंचावन्न वाटे सरकारचे. जमीन कसणारा मिरासदार आहे की उपरी, त्याच्या घराण्याचा गावात मान काय, कोण कुणाचा भाऊबंद, याने सारा बदलणार नाही. बेंथमची वही उघडली होती. प्रत्येक बिघ्याचा आकडा त्या बिघ्याच्या कसाएवढा.

इंदापूर तालुका भीमा आणि नीरा यांच्या मधला. पाऊस कमी, बेभरवशाचा. तिथे हा हिशेब उतरला आणि कोलमडला. याची कारणं पाहण्यासारखी आहेत, कारण ती केवळ हलगर्जीपणाची नाहीत. शेतात घरची माणसं राबतात, बायका राबतात, पोरं राबतात, त्यांची मजुरी वहीत कशी लावायची? बैल वर्षभर खातो, त्याचा खर्च कोणत्या पिकाच्या नावावर? पाच वर्षांत दोन सुकाळ आणि दोन दुष्काळ असतील तर 'सरासरी' पिकाला काय अर्थ? लंडनमध्ये निव्वळ उत्पन्न ही एक शुद्ध कल्पना होती. बांधावर ती प्रत्येक पायरीला अंदाजांवर उभी होती, आणि ते अंदाज करत होते मोजणीचे हाताखालचे कारकून, ज्यांच्या हाती खोटी प्रत लिहिण्याची ताकद होती. त्यांनी ती विकली. वर धान्याचे भाव पडले. आकडे दशांशापर्यंत चोख दिसत होते आणि सारा वसूल होत नव्हता. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, माणसं घरदार टाकून शेजारच्या संस्थानांत पळाली, जमिनी पडीक पडल्या. मुंबई सरकारच्या १८७२-७३ च्या प्रशासकीय अहवालातच याची कबुली आहे.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा लष्करी इंजिनियर हे प्रकरण निस्तरायला आले. निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद त्यांनी सोडला. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून प्रत आण्यांत लावायची, मागचा वसूल किती झाला होता ते पाहायचं, बाजार किती लांब आहे ते पाहायचं, आणि परवडेल असा सारा तीस वर्षांसाठी बांधून द्यायचा. सगळा खंड ओढून घ्यायचा नाही, काहीतरी कसणाऱ्याच्या पदरात राहू द्यायचं. इंदापुरात १८३६ साली ही जमाबंदी लागू झाली आणि पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. आपल्या सातबाऱ्याची पाळंमुळं शोधायला निघालात तर या दोन माणसांच्या छावणीपर्यंत जावं लागतं.

मला या गोष्टीत प्रिंगलची कीव येते. तो दुष्ट नव्हता, लाचखाऊ नव्हता. कुणावर अन्याय होऊ नये म्हणूनच तो शेत न् शेत मोजत होता. त्याची चूक ही की हिशेब चोख झाला की न्याय आपोआप होईल, असं त्याने धरलं.

त्याच सुमारास इंडिया हाउसमध्ये जेम्स मिलचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल कारकुनी करत होता. १८२३ मध्ये, सतरा पुरे होताच, बापाने त्याला तिथे चिकटवलं होतं. तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि पोरवयात रिकार्डो शिकवून वाढवलेला हा मुलगा म्हणजे बेंथमच्या पंथाची चालतीबोलती प्रयोगशाळा. विसाव्या वर्षी त्याने स्वतःला विचारलं: आपल्याला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या तर मी सुखी होईन का? आतून आवाज आला, नाही. आणि तो कोसळला. सुखाचं गणित शिकवणाऱ्या पंथाच्या वारसाला सुखाचाच हिशेब लागेना. पुढे १८६१ मध्ये उपयुक्ततावादावर लिहिताना शेवटचं आणि सगळ्यांत लांब प्रकरण त्याने न्यायाला दिलं. न्याय हा उपयोगाहून वेगळा नाही, तर उपयोगातला सर्वांत वजनदार भाग आहे, असं त्याने तिथे मांडलं. बाकीच्या सुखांशिवाय माणूस भागवून नेईल, पण आपल्याला कुणी लुबाडणार नाही, मारणार नाही या भरवशाशिवाय तो एक दिवसही जगू शकत नाही, म्हणून त्या भरवशाला आपण 'हक्क' म्हणतो. आगरकरांच्या पिढीने मिल का डोक्यावर घेतला हे त्याची ही धडपड वाचली की कळतं. उत्तर पूर्ण पटत नाही, पण बापाच्या घरात राहून बापाशी इतक्या सभ्यपणे भांडणारा दुसरा लेखक मला माहीत नाही.

इकडे विंगेटच्या जमाबंदीचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. सारा बांधील आणि सोसवेल इतका झाला, तशी जमिनीला विकण्याजोगी किंमत आली. किंमत आली तशी ती गहाण ठेवता येऊ लागली. आणि नेमक्या याच काळात बेंथमचं क्रिचेव्हहून लिहिलेलं पुस्तक फळाला आलं. इंग्लंडने १८५४ मध्ये व्याजमर्यादेचे कायदे रद्द केले, पाठोपाठ १८५५ च्या २८ व्या कायद्याने हिंदुस्थानातही ते उठले. सज्ञान माणसांनी ठरवलेलं व्याज कोर्टाने वसूल करून द्यायचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाचा भाव चढला, उधारी सैल झाली. युद्ध संपलं, भाव उतरले. त्यातच इंदापुरापासून तीस वर्षांची मुदत संपत गेली आणि फेरपाहणीत सारा बराच चढला.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावी दंगा झाला आणि तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरला. त्या दंग्याची तऱ्हा पाहून तेव्हाचे अधिकारीही चक्रावले. दंगेखोर पैसे मागत नव्हते, दागिने मागत नव्हते. ते मागत होते खतं. सावकाराने कर्जखतं काढून दिली की त्यांची होळी करायची. खतं मिळाली तिथे अंगाला हात लावायचं फारसं कारणच उरत नव्हतं. ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि ज्यातलं अक्षर आपल्याला वाचता येत नाही, तो कागद त्यांना नको होता. बेंथमची 'डोळे उघडे' ही अट इथे सुटली होती. व्याज मुद्दलात मिळवून नवं खत, त्याचं पुन्हा नवं खत. कोर्ट पाहत होतं फक्त शेवटच्या कागदावरची निशाणी.

चौकशी समिती बसली, वाद झाला. करार हा करार आहे, तो मोडला तर उधारीच बंद होईल आणि शेवटी नुकसान शेतकऱ्याचंच, ही उपयोगाची बाजू. ती खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. तरीही १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कोर्टाला खताच्या मागे जाण्याची मुभा मिळाली. मुद्दल खरोखर किती दिलं होतं, व्याज कसं चढलं, सगळा इतिहास उकलायचा. तेव्हाच्या अर्थशास्त्राच्या लेखी हे पाखंड होतं. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काही वर्षं ज्यांनी काम केलं, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. आणि याच रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर ते गाजलेलं व्याख्यान दिलं. स्वतःचं हित ओळखून मोकळेपणी करार करणारा एकटा माणूस, हा इंग्रजी अर्थशास्त्राचा पाया इथल्या कुटुंबाला आणि जातीला बांधलेल्या माणसाला लागू पडत नाही, असं त्यांनी तिथे सांगितलं. यामागे नुसतं वाचन नव्हतं, उकललेल्या खतांचा ढीगही होता.

एव्हाना तिकडे सुखाच्या हिशेबाला कॅलक्युलस मिळालं होतं. १८८१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पना केली आणि त्या गणितातून एक भीतिदायक निष्कर्ष काढला. काहींची सुख भोगण्याची कुवत जास्त असेल तर त्यांना जास्त देणं हेच हिशेबी ठरेल, आणि अशा कुवतीच्या माणसांत त्याला उमराव दिसत होते. आकडा एकच, हा बेंथमचा नियम बेंथमच्याच गणिताने गिळला.

मघाशी म्हटलेली वात इथे आहे. १९३८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या लायनेल रॉबिन्सने एका टिपणात आठवण सांगितली. कायदेपंडित हेन्री मेनच्या लेखनात कुठेतरी त्याने एक किस्सा वाचला होता. एक इंग्रज अधिकारी एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथमचं तत्त्व समजावत होता. ब्राह्मण म्हणाला, हे बरोबर असूच शकत नाही. समोरच्या त्या अस्पृश्यापेक्षा सुखी होण्याची माझी क्षमता दहापट आहे. रॉबिन्स म्हणतो, त्या ब्राह्मणाबद्दल मला यत्किंचित सहानुभूती नाही, पण तो चूक आहे हे मी शास्त्राने सिद्ध करू शकत नाही. दोन माणसांची सुखं शेजारी ठेवून मोजायचं साधनच शास्त्राकडे नाही. माणसं समान धरायची हा नैतिक निर्णय आहे.

या एका किश्शाने बेंथमच्या वहीचं पहिलंच पान उघडं पडलं. 'प्रत्येकाचा आकडा एक' हे वाक्य उपयोगातून आलेलंच नव्हतं. ते न्यायाचं वाक्य होतं, हिशेबाच्या आधी लिहिलेलं, आणि सगळा हिशेब त्यावर उभा होता. गंमत पाहा, रॉबिन्स त्या संस्थेत पदवीचा अभ्यास करत होता त्याच वर्षांत, १९२० ते १९२३ च्या दरम्यान, तिथेच आणखी एक विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता. त्या ग्रंथाला प्राध्यापक कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. किश्शातल्या दुसऱ्या माणसाचं, ज्याला कुणी काही विचारलंच नाही त्याचं, म्हणणं काय असेल हे त्या इमारतीत नेमकं सांगू शकणारा माणूस तोच होता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की राजकारणात प्रत्येक माणसाचं मोल एक आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात मात्र ते नाकारलेलं, ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाही धोक्यात येईल.

रॉबिन्सनंतर अर्थशास्त्र बरंच लाजाळू झालं. कुणाचंही न बिघडता कुणाचं तरी सुधारत असेल तरच आम्ही बोलू, असं म्हणू लागलं. नैतिक प्रश्न तत्त्वज्ञांच्या अंगणात गेले आणि तिथे एक अद्भुत योगायोग घडला. अर्थशास्त्रज्ञ हर्साणी याने १९५०च्या दशकात सुचवलं की न्याय्य समाज कोणता हे ठरवायचं तर आपण त्यात कोण म्हणून जन्मणार हे माहीत नाही असं धरून निवडा. कुणाच्याही जागी जन्मण्याची शक्यता सारखीच, म्हणून ज्या समाजात सरासरी सुख जास्त तो घ्यावा. १९७१ मध्ये जॉन रॉल्सने जवळजवळ तोच अज्ञानाचा पडदा टांगला आणि नेमका उलटा निष्कर्ष काढला: आपण सगळ्यांत तळाचे निघालो तर, याचा विचार करून माणूस तळाच्याची स्थिती सर्वांत चांगली असेल तो समाज निवडील. पडदा एक, डोळे झाकलेला माणूस एक, आणि निवड दोन. उपयुक्ततावाद माणसामाणसांतला वेगळेपणाच विसरतो, एकाचं दुःख दुसऱ्याच्या सुखातून वजा करतो, ही रॉल्सची तक्रार. अमर्त्य सेन यांनी ती आणखी टोकदार केली. अपंग माणसाला त्याच पैशातून कमी सुख मिळत असेल तर सुखाची बेरीज वाढवणारा हिशेब त्याला आणखी कमीच देईल! माझा कौल सेन यांच्या बाजूने आहे, पण हर्साणीला नुसतं झटकून टाकता येत नाही. लसीच्या मोजक्याच कुप्या असतात तेव्हा सरकारने हर्साणी वाचलेला असावा अशी माझी इच्छा असते.

तत्त्वज्ञांचं भांडण मिटलेलं नाही. दख्खनमध्ये मात्र एका मुद्द्यावर निकाल लागून गेला आहे. दामदुपटीचा जुना धर्मशास्त्रीय नियम असा की व्याजाची थकबाकी कधीही मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. १८५५ च्या कायद्यानंतरही हा नियम हिंदू ऋणकोंसाठी जिवंत आहे, असं मुंबईच्या न्यायालयांनी मानलं. सौदा दोघांनी राजीखुशीने केला असला तरी सावकाराला इथपर्यंतच, असं तो सांगतो, आणि का, याचं गणित देत नाही. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने हीच मर्यादा धर्म न पाहता प्रत्येक ऋणकोला लावली: करारात काहीही लिहिलेलं असो, हुकूमनाम्याच्या दिवशी जितकं मुद्दल बाकी असेल त्याहून जास्त व्याज कोर्टाने देववायचं नव्हतं.